पावसाळ्यात पेपरोमिया का कुजतोय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जुलै-ऑगस्टात आलेले प्रश्न चाळले तर बरेचसे एकाच झाडाचे निघाले, पेपरोमिया, घरात कुंडीत ठेवतात ते छोटं शोभेचं झाड. कुणाचा कलिंगडाच्या पट्ट्यांचा, कुणाचा सुरकुतलेल्या पानांचा, कुणाचा जाड गुळगुळीत पानांचा ज्याला नर्सरीवाले बेबी रबर म्हणून देतात. घराणं एकच. आणि तक्रारही जवळजवळ एकच, फक्त पत्ता बदलतोय. म्हणून या वेळी दुसरं काही घेत नाही, गुलाबवाल्यांनी आणि जास्वंदवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबायचं.

ताई, नमस्कार. मार्चमध्ये नर्सरीतून कलिंगड पेपरोमिया आणला, चिनीमातीच्या पांढऱ्या कुंडीत लावून हॉलमध्ये टीपॉयवर ठेवला. मेपर्यंत मस्त होता. आता सगळी पानं माना टाकून बसलीत, लाल देठ मऊ पडलेत, दोन तर बुडाशी काळे झालेत. पाणी मी रोज सकाळी न चुकता घालते, तरी सुकतोय म्हणून आता संध्याकाळी पण थोडं घालायला लागलेय. खत कमी पडतंय का? (वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव)

वहिनी, आधी ते संध्याकाळचं पाणी बंद करा आणि सकाळचंही. खताचा इथं काही संबंध नाही, उलट आत्ता खत घातलं तर उरलंसुरलं पण जाईल.

गोची अशी आहे की पेपरोमिया दोन कारणांनी माना टाकतो, एक तहान लागली म्हणून आणि दुसरं मुळं कुजली म्हणून, आणि वरून बघताना दोन्ही सेम दिसतं. मुळंच नाहीत तर पाणी वर चढणार कसं? मग पानाला पाणी मिळत नाही, ते लोंबतं, आपण अजून पाणी घालतो, आणि राहिलेली मुळं पण जातात. फरक बोटाला कळतो. मातीत दोन पेरं बोट घाला. कोरडं आणि पान लोंबलेलं, तर तहान. ओलं आणि पान लोंबलेलं, तर मुळं गेली. तुमचं दुसरं आहे, देठ काळे पडलेत म्हणजे शंकाच नको.

आता हे झाड असं का वागतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पेपरोमियाच्या हजाराहून जास्त जाती आहेत, त्यातल्या बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या, आणि बऱ्याचशा जमिनीत वाढतच नाहीत, तिथल्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर, शेवाळात, कुजलेल्या लाकडावर बसून वाढतात. तिथं पाऊस भरपूर पण पाणी थांबत नाही, आलं की निघून गेलं. म्हणून मुळं बारीक, आखूड, थोडीशीच, आणि पाण्याचा साठा मुळात नाही तर पानात. बेबी रबरचं एखादं पिकलेलं जाड पान खाली पडलं की ब्लेडनं आडवं कापून उजेडात धरून बघा. वरच्या बाजूला काचेसारखा पारदर्शक थर दिसेल आणि त्याच्या खाली हिरवी पातळ पट्टी. तो पारदर्शक थर म्हणजे पाण्याची टाकी. टाकी वर भरलेली असताना खाली रोज तांब्या ओतला तर काय होणार?

वाचवायचं कसं ते आता. कुंडीतून झाड काढा, मुळांवरची माती हलक्या हातानं पाण्यात धुवा. चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट रंगाचं आणि घट्ट असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं आणि दोन बोटांत धरून ओढलं की वरचं साल सुळकन हातात येतं, आत नुसता दोऱ्यासारखा तंतू राहतो, वास पण येतो. असली सगळी मुळं आणि काळे पडलेले देठ स्वच्छ कात्रीनं काढून टाका, दया नको. मूठभर चांगली मुळं राहिली तर नव्या कोरड्याशा मिश्रणात, छोट्या कुंडीत लावा आणि चार-पाच दिवस पाणीच घालू नका. काहीच राहिलं नसेल तर झाड विसरा आणि पानं वाचवा. कडक राहिलेली पानं देठाचा इंचभर तुकडा ठेवून कापा, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) देठ खोचून ठेवा, उजेड द्या, ऊन नको. दीड-दोन महिन्यांत बुडाशी छोटी छोटी पिल्लं दिसायला लागतील. कलिंगडवाल्याचं पान आडवं अर्धं कापून कापलेली कड मातीत खोचली तरी तिथून पिल्लं फुटतात, सुरकुतलेल्या पानाच्या जातीचं पण अख्ख्या पानावरून छान जमतं. बुरशीनाशक घालू का असं विचारणार असाल तर कुजलेलं मूळ कुठल्याही पावडरीनं परत येत नाही.

आणि ती पांढरी कुंडी. भोक आहे का तिला? पत्रात लिहिलं नाहीत पण मला वाटतं नसणार, टीपॉयवर ठेवायच्या शोभेच्या कुंड्यांना क्वचितच असतं. भोक नसेल तर तिला बाहेरची कुंडी करा, झाड आत साध्या प्लास्टिकच्या भोकाच्या कुंडीत ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा, निथळलं की परत आत. मातीची कुंडी असेल तर सगळ्यात बेस्ट, आपल्याकडं खानापूरचं मातीकाम आहेच, भाजलेल्या मातीतून बाजूनं पण पाणी सुकतं. फक्त मोठी घेऊ नका. पेपरोमियाला मोठी कुंडी म्हणजे मुळं पोचत नाहीत तिथपर्यंत ओली राहणारी माती. मुळांच्या गोळ्यापेक्षा इंचभर मोठी बास, तीन-चार इंची कुंडीत हे झाड दोन-दोन वर्षं आनंदात राहतं.

माती म्हणाल तर परसातली काळी माती अजिबात नको, ती भिजली की चिकट आणि सुकली की दगड. नुसती लाल मातीही दाबून बसते. दोन वाट्या धुतलेलं कोकोपीट (धुवायचंच, त्यात कधी कधी मीठ असतं), एक वाटी विटांचे तुकडे, एक वाटी चाळलेलं गांडूळखत, आणि मिळाला तर मूठभर लाकडी कोळशाचा चुरा. परलाइट, म्हणजे पाणी निथळावं म्हणून मातीत मिसळायचे पांढरे हलके दाणे, विकत मिळतं, घ्यायचं तर घ्या, पण विटांचे तुकडे चणाडाळीएवढे फोडून त्यातली पूड चाळून काढली की तेच काम फुकटात होतं. पूड मात्र राहू देऊ नका, ती परत चिखलच करते. भाताच्या गिरणीतून तूस आणून काळं होईपर्यंत भाजलं तरी चालतं.

अक्का, आमच्याकडं जून लागला की चार महिने ऊन म्हणून दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवतो. सोप्यातल्या खिडकीत दोन पेपरोमिया हैत, जाड पानाचे. पाणी मी फार घालत न्हाई, आठवड्यातनं एकदा. तरी पानाच्या खालच्या बाजूला बारीक बारीक फोड उठल्यात, खरबरीत, आता काही तपकिरी झाल्यात. रोग हाय का कीड? मुलगी म्हणते सगळी पानं काढून टाक. (एक काकू, जांबोटी)

काकू, पानं काढू नका, मुलीला सांगा धीर धर. रोगही नाही आणि कीडही नाही. नखानं खरवडून बघा, कीड असती तर निघून आली असती, हे फोड पानाच्याच कातडीचे आहेत.

होतं काय तर मुळं पाणी ओढत राहतात पण बाहेर हवाच इतकी दमट की पानातनं ते उडून जात नाही. मग पानाच्या आतल्या पेशी फुगतात, फुगून फुटतात, आणि फुटलेल्या जागी खपली धरते. याला इंग्रजीत एडिमा म्हणतात, जांबोटी, कणकुंबी, आंबोली या धो धो पावसाच्या पट्ट्यात तो होणारच, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जुने फोड जाणार नाहीत, पण नवीन पानं स्वच्छ आली की समजा जमलं.

आठवड्यातनं एकदा पाणी हे टिळकवाडीला जमेल एखादवेळेस, जांबोटीला जुलैमध्ये ते जास्तच आहे. तुमच्याकडं पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी सुद्धा चालेल. दिवस मोजूच नका खरं तर. पाणी घातल्यावर कुंडी एकदा हातात उचलून वजन लक्षात ठेवा, मग अधूनमधून उचला, हलकी फुलासारखी लागली की मगच पाणी. दुसरी खूण पानाची. जाड पानाच्या जातीचं पान दोन बोटांत धरून किंचित वाकवून बघा. ताठ, कडक असेल तर पोट भरलंय. थोडं मऊ, लवचीक झालं असेल तर आता पाजा. चिंता नको, एवढ्या हवेत दोन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही, दोन दिवस लवकर घातलं तर बिघडतं.

कुंड्या एकमेकांना चिकटवून ठेवल्या असतील तर लांब करा, वारा खेळू दे. घरात पंखा फिरतो त्याच्या वाटेत ठेवल्या तर उत्तम, फक्त चुलीच्या धगीजवळ आणि धुरात नकोत. आणि उजेडाची सगळ्यात मोठी खिडकी या चार महिन्यांत त्यांना द्या, एरवी ऊन लागेल म्हणून आपण आत ओढतो पण तुमच्याकडच्या श्रावणात कसलं ऊन लागतंय! दसऱ्यानंतर लख्ख ऊन पडलं की मात्र आठवणीनं मागं घ्या, नाहीतर पानावर पांढरे करपलेले चट्टे पडतात.

हाच प्रश्न लोंढ्याहून पण आलाय, त्याचंही उत्तर हेच. आणि मातीतून उडणाऱ्या बारीक काळ्या चिलटांबद्दल ज्यांनी ज्यांनी विचारलंय त्यांना एकच सांगते, ती चिलटं ओल्या वरच्या थरात अंडी घालतात, वरची दोन इंच माती पूर्ण सुकू द्या, त्यांचा खेळ संपला. फार झाली असतील तर पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून कुंडीत खोचा, चिकटून बसतात.

आमच्या भागात उलटं आहे. पाऊस कमी, उन्हाळा कडक. पेपरोमियाच्या पानांच्या कडा वाळून तपकिरी होतात आणि मातीवर पांढरी पापडी येते. पाणी बोअरचं आहे. (वाचक, अथणी)

त्या पापडीतच उत्तर आहे. बोअरचं जड पाणी, त्यातले क्षार मातीत साठत जातात, पाणी उडतं आणि क्षार मागं राहतात. पेपरोमियाची मुळं नाजूक, क्षार वाढले की पानाची कड आधी जळते. वरची पापडी चमच्यानं खरवडून काढा, मग कुंडी मोरीत ठेवून कुंडीच्या तिप्पट-चौपट पाणी सावकाश ओता, खालून वाहून जाऊ दे, नीट निथळू दे. दोन-तीन महिन्यांतनं एकदा हे करा. आत्ता पाऊस पडतोय तोवर पागोळीचं पाणी पिंपात धरून झाकून ठेवा, दोन-तीन कुंड्यांना ते महिनोन्‌महिने पुरतं. घरी आरओ असेल तर त्याचं प्यायचं पाणी चालेल. पण त्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी येतं ते चुकूनही नको, लोक काटकसर म्हणून तेच झाडांना घालतात, त्यात क्षार बोअरच्या पाण्यापेक्षा जास्त असतात.

एप्रिल-मेमध्ये कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. पूर्वेची खिडकी, सकाळचं कोवळं ऊन तासभर, नंतर सावली.

ताई, माझ्या सुरकुत्या पानाच्या पेपरोमियावर पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय, मुंग्या पण फिरायल्यात. सासरे म्हणत्यात तंबाखू भिजवून त्याचं पाणी मार, दोन दिवसांत सगळं साफ. घरात तंबाखूला काय तोटा न्हाई. मारू का? (वाचक भगिनी, निपाणी)

निपाणीत हा प्रश्न येणारच होता! सासऱ्यांचं एका अर्थानं बरोबर आहे, तंबाखूतल्या निकोटिननं कीड मरते, पूर्वी शेतात सर्रास वापरायचे. पण म्हणूनच नको म्हणते. निकोटिन हे माणसाला पण जहाल विष आहे आणि ते कातडीतून आत जातं. ओली हिरवी तंबाखू हाताळणाऱ्या बायकांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात ते याच्यानंच, तुमच्या भागात हे कुणाला वेगळं सांगायला नको. घराच्या आत, जिथं पोरं खेळतात तिथं त्याचा फवारा कशाला मारायचा? शिवाय तंबाखूतून मोझॅक व्हायरस पसरतो, परसात टोमॅटो-मिरची असेल तर भलताच उपद्व्याप व्हायचा. सासऱ्यांना नमस्कार सांगा आणि तंबाखू डब्यातच राहू दे.

ती कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. सगळ्यात आधी ती कुंडी बाकीच्यांपासून लांब न्या. मेडिकलमध्ये सर्जिकल स्पिरिट मिळतं, त्यात कान साफ करायची कापसाची काडी बुडवून एकेका किड्यावर टेकवा, लगेच तपकिरी होऊन मरतो. आधी एका पानावर थेंब टेकवून दिवसभर बघा, पान डागाळलं तर स्पिरिट नको, नुसत्या ओल्या काडीनं पुसून काढा. मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली निमतेल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब, चांगलं घुसळून संध्याकाळी फवारा, पानाच्या खालून आणि बेचक्यात नीट जाऊ दे. आठवड्यानं परत, त्यानंतर आठवड्यानं परत. एकदाच मारून लोक सोडतात आणि म्हणतात गुण आला नाही, अहो अंडी शिल्लक असतात की, त्यातनं पिल्लं निघाल्यावर त्यांना कोण मारणार.

मुंग्या कीड खात नाहीत, तिचा चिकट गोड पाझर खातात आणि तिला सांभाळतात. तेव्हा मुंग्यांची वाट पण तोडा. तीन फवाऱ्यांनंतरही परत परत येत असेल तर झाड उपटून मुळं बघा, पिठ्या ढेकूण मुळांवर पण बसतो.

मी हॉस्टेलला राहतो. मित्राच्या घरून पांढऱ्या-हिरव्या पानाच्या पेपरोमियाचं एक पान आणून लावलं. तीन महिन्यांनी रोप आलं पण नुसतं हिरवं! पांढरा रंग उन्हानं येतो का? (विद्यार्थी, अनगोळ)

नाही रे बाबा, कितीही ऊन दिलंस तरी येणार नाही. तुझं काही चुकलेलं नाही, झाडाची घडणच तशी आहे. त्या पांढऱ्या-हिरव्या जातीत दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी थर करून राहतात, काहींत हरितद्रव्य आहे, काहींत नाही. शेंड्याला हे थर जसेच्या तसे वाढत जातात म्हणून प्रत्येक नवीन पान रंगीत येतं. पण पानाच्या देठातून जेव्हा नवं रोप फुटतं तेव्हा ते सगळे थर घेऊन फुटत नाही, बहुतेक हिरव्याच पेशींमधून फुटतं. मग रोपही हिरवं. पांढऱ्यातनं फुटलं तर ते अन्नच तयार करू शकत नाही, मरतं.

रंग पाहिजे तर पान नको, खोड मागून आण. दोन-तीन पेरं असलेला शेंडा, खालची पानं काढून, कापलेली जागा तासभर सुकू देऊन ओलसर कोकोपीटमध्ये लाव. पाण्याच्या ग्लासात पण मुळं येतात, पण ती इंचभर झाली की लगेच मातीत हलव, फार वाढवू नको.

याच्यावरून एक आठवलं, हे भिशीत आणि हळदीकुंकवाला कटिंगांची देवघेव करणाऱ्या सगळ्यांना सांगायचंय. पानावर गोल गोल कड्यांसारखे डाग असतील, पान वेडंवाकडं होत असेल, तर त्या झाडाचं कटिंग कुणाला देऊ नका. काकडीवर येतो तो मोझॅक व्हायरस पेपरोमियावर पण येतो, माव्यातून आणि कटिंगातून पसरतो, त्याला औषध नाही. झाड काढून टाकायचं, कात्री साबणानं धुवायची. जीवावर येतं, माहितीये.

आमचं घर जुनं, मागच्या खोलीत माग आहे, उजेड फक्त ट्यूबचा. खिडकी शेजारच्या भिंतीला लागून. अशा घरात पेपरोमिया जगेल का? (वाचक, वडगाव)

जगेल, आणि मागावर काम करताना नजरेसमोर हिरवं काहीतरी असावं हे मला फार पटतं. घरातल्या झाडांत ट्यूबच्या उजेडावर समाधानानं राहणारं हे झाड आहे, पण ट्यूब छताला आणि झाड जमिनीवर असं नको. ट्यूबपासून फूट-दीड फुटावर फळी मारा, त्यावर ठेवा, तुमचं काम चालतं तसे दहा-बारा तास उजेड मिळाला की पुरे. बेबी रबर, हिरवाच घ्या, रंगीत जातींना उजेड जास्त लागतो. पानापानातलं अंतर वाढून झाड लांबुडकं व्हायला लागलं तर उजेड कमी पडतोय, शेंडा खुडा आणि फळी जरा वर घ्या. कमी उजेडात पाणी पण कमी पितं, हे विसरू नका. मागाच्या खोलीत सुताचा तूस उडतो, तो पानांवर बसतो, आठवड्यानं ओल्या फडक्यानं पुसत जा.

माझा दीड एकर पानमळा आहे मिरज रस्त्याला. मुलीनं घरात पेपरोमिया लावलाय, त्याला शेपटीसारखा तुरा आला तर मला वाटलं हे तर आपल्या पानवेलीचंच काहीतरी दिसतंय. नातं आहे का? पानमळ्यात सावलीत लावला तर चालेल का, नर्सरीला विकता येईल असा विचार आहे. (शेतकरी वाचक, रायबाग तालुका)

दादा, तुमची नजर पक्की आहे. नातं आहे, सख्खं नाही पण एकाच कुळातलं. नागवेल, काळी मिरी, पिंपळी आणि पेपरोमिया, सगळे पायपरेसी कुळातले. तो तुरा बघून लगेच ओळखता येतं, पाकळ्या नाहीत, बारीक दांडीवर खसखशीएवढी फुलं दाटीनं चिकटलेली. 1794 मध्ये रुईझ आणि पावोन या दोन स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडच्या झाडांवर काम करताना पेपरोमिया हे वेगळं घराणं म्हणून मांडलं, त्यांनाही ते मिरीशी मिळतंजुळतं वाटलं होतं.

सवयी पण मिळत्याजुळत्या. शेवरी-पांगाऱ्याच्या चाळणीसारख्या सावलीत पानवेल का लावता तुम्ही? थेट ऊन सोसत नाही म्हणून. पेपरोमियालाही तेवढाच उजेड आवडतो. पण पाण्याच्या बाबतीत इथं नातं तुटतं. पानमळा सारखा ओला ठेवावा लागतो, पेपरोमिया त्या ओलीत महिनाभर टिकणार नाही. त्यामुळं वाफ्यात लावू नका. बांधावर तुमच्याकडं सावली तयारच आहे, तिथं टेबलासारखा मांडव करून, वर पावसाचं पाणी अडवायला प्लास्टिक टाकून छोट्या कुंड्यांत वाढवता येतील. नर्सरीवाल्यांशी आधी बोला, मग कटिंगं वाढवा, हे मी कुठल्याही नव्या झाडाबद्दल सांगेन.

आणि एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते. पानमळ्यात पावसाळ्यात मर लागते ना, वेल बुडाशी काळी पडून बघता बघता सुकते, ती फायटॉप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवानं. पेपरोमियाचं बूड काळं पडून कुजतं त्यात पण बऱ्याचदा हीच जात-जमात असते. तेव्हा घरातला कुजलेला पेपरोमिया आणि त्याची माती पानमळ्याच्या बाजूला फेकू नका, आणि मळ्यातली माती घरातल्या कुंडीत आणू नका. जाळा किंवा पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. एवढ्या कुंडीपायी दीड एकराचा धोका कोण पत्करेल.

पावसाळ्यात आमच्या मागच्या भिंतीला आणि कुंड्यांत आपोआप एक चमकणाऱ्या पानाचं, पाणीदार खोडाचं तण उगवतं, हुबेहूब छोट्या पेपरोमियासारखं. (वाचक भगिनी, कॅम्प)

सारखं काय, पेपरोमियाच आहे तो! पेल्युसिडा नावाची जात, मूळची अमेरिकेतली, आता आपल्याकडं ओल्या भिंती, गटाराची कड, नर्सरीच्या कुंड्या, सगळीकडं मुक्कामाला आहे. बी धुळीसारखं बारीक, म्हणून पसरतं. फिलिपिन्स आणि व्हिएतनामकडं याची कोवळी पानं सॅलडमध्ये खातात, पण गटाराकडेचं कुणी तोंडात घालू नका. पाऊस ओसरला की आपोआप मरतं, कुंडीत नको असेल तर तुरा यायच्या आत उपटा. सह्याद्रीत आपली म्हणावी अशी पण एक आहे, टेट्राफायला, चार-चार छोटी जाड पानं एका पेऱ्यावर, झाडांच्या शेवाळलेल्या सालीवर वाढते. दिसली तर फोटो काढा. भीमगडसारख्या अभयारण्यातून रोप उपटून आणणं हा गुन्हा आहे, आणि आणलंत तरी घरात टिकत नाही.

थोडक्यात विचारलेले थोडक्यात.

*मांजर पानं चावतं, विषारी आहे का?* (शहापूर) नाही, मांजर-कुत्र्यांना पेपरोमियापासून विषबाधा होत नाही. फार खाल्लं तर ओकेल एवढंच. झाडाची काळजी करा.

*खत कोणतं?* (हिंडलगा, सांबरा, आणखी बरेच) 19:19:19, लिटरला एक ग्रॅम, महिन्यातनं एकदा, माती ओली असताना. फेब्रुवारी ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. भर पावसात आणि थंडीत बंद. शेणखत ताजं असेल तर कधीच नको.

*डिसेंबरात दरवर्षी पानं गळतात.* (चिकोडी) रात्री खिडकी उघडी राहते का बघा. 10 अंशाच्या खाली हे झाड कुरकुरतं, आणि गार फरशीवर ओली कुंडी म्हणजे मुळांना दुहेरी शिक्षा. पाटावर ठेवा, पाणी सकाळी उन्हं आल्यावर घाला, तेही निम्मं.

*ऑनलाइन मागवलेल्या रोपाच्या मुळांना जाळीदार पिशवी घट्ट आवळलेली आहे, तशीच लावू का?* (गणेशपूर) कापून काढा, हळूच, मुळं अडकली असतील तिथं ओढू नका, कात्रीनं जाळीच कापत जा. आठवडाभर सावलीत राहू दे आणि मगच कुंडी बदला.

*शेपटीसारखे तुरे कापावेत का, झाडाची ताकद जाते म्हणतात.* (येळ्ळूर) ताकद काही फारशी जात नाही. मला ते आवडतात, माझ्या शेजारणीला उंदराच्या शेपट्या वाटतात म्हणून ती कापते, दोघींची झाडं सारखीच आहेत. झाड आजारी असेल किंवा नुकतं कुंडी बदललेलं असेल तर मात्र खुडून टाका.